आधी पाया आणि छत, बाकीचं सावकाश

बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, प्लॅनचा फोटोपण नीट झूम करून बघितला. आईच्या नावचं घरकुल मंजूर झालंय ते धरून साडेचार लाख हातात आहेत आणि कर्ज काढायचं नाही असं लिहिलंयस, ते मला फार पटलं. पण मग त्या पैशात 800 फुटांचं, पुढे पोर्च आणि वर डिझाइनचं पॅरापेट असलेलं घर होणार नाही हे आधीच सांगून टाकतो, नंतर तुला वाईट वाटण्यापेक्षा आत्ता वाटलेलं बरं. 400 फुटांचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि संडास. आणि पहिल्याच वर्षी ते रंगरंगोटीसकट पूर्ण दिसलं पाहिजे हा हट्ट सोडलास तर नीट होतं, आईला आयुष्यभर पुरेल असं होतं.

मला तुला सांगायचंय ते एवढंच की जिथे नंतर हात घालता येत नाही तिथे आधी पैसा घाल. पाया, भिंतीतल्या पट्ट्या, डोक्यावरचं छत. प्लास्टर, टाइल्स, पीओपी, किचन ट्रॉल्या हे सगळं पाच काय दहा वर्षांनीसुद्धा करता येतं. आपल्याकडे मी बरोबर उलटं होताना बघत आलोय, पाया तीन फुटांत उरकायचा, लोखंड कमी टाकायचं आणि वाचलेल्या पैशातून पुढच्या भिंतीला महागड्या टाइल्स लावायच्या, आणि मग दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच टाइल्सच्या मधून तिरपी भेग वर जाते.

औशाकडची जमीन काळी, तुला मी वेगळं काय सांगणार. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच मिटून जमीन फुगते हे तू लहानपणापासून बघतेस, तीच माती घराखाली असते आणि तिथेही तेच करते. घराच्या कडेची माती आधी भिजते, मधली कोरडी राहते, एक बाजू उचलली जाते दुसरी बसते, आणि भिंत बिचारी मध्ये सापडते. म्हणून गवंडी म्हणाला "तीन फूट लई झालं" तर त्याचं ऐकू नको. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. काम ठरवायच्याही आधी जागेच्या दोन टोकांना दोन खड्डे घे, मजुरी हजार दोन हजार जाईल पण सगळं बजेट त्या दोन खड्ड्यांवर ठरतं. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर सरळ चर खोदून पाया घ्यायचा. सात-आठ फूट गेलं तरी काळीच निघत असेल तर मग सगळीकडे चर मारण्यात पैसा मातीत जातो, तिथे अंडर-रीम्ड पाइल परवडतात. म्हणजे जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडायचं, तळाशी ते रुंद करायचं आणि गज घालून काँक्रीट भरायचं, आणि मग वरून सगळ्या पाइलना जोडणारी बीम फिरवायची. रुडकीच्या सीबीआरआय या संस्थेने हे काळ्या मातीसाठीच बसवलेलं तंत्र आहे, लातूरला करणारे मिळतील. फक्त त्या बीमच्या खाली तीन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे, बीम मातीवर टेकवली तर फुगलेली माती तिला खालून ढकलणार आणि मग पाइल घेऊन उपयोग काय.

अजून एक, आणि हे लोक हमखास करतात. पाया खोदताना जी काळी माती बाहेर निघते तीच जोत्यात परत भरतात, मुरमाच्या चार ट्रॉल्या वाचतात म्हणून. असं करू देऊ नको. खोलीच्या मधोमध फरशी फुगून वर आलेली दिसते ना गावात, ती यामुळेच. ती माती शेतात टाक, शेताला उपयोगी आहे. जोत्यात मुरूमच, आणि तोही एकदम ओतायचा नाही, सहा-नऊ इंचांचा थर, पाणी, धुम्मसने ठोकून घट्ट करायचा, मग पुढचा थर. जुन्या पडलेल्या घराचा जो दगड ढीग घालून ठेवलाय तोसुद्धा पायात आणि जोत्यात वापर, चांगला काळा दगड आहे, विकत घ्यायला गेलीस तर कळेल केवढ्याचा आहे.

आणि घराभोवती पाणी मुरू देऊ नको. चारी बाजूंनी तीन-चार फुटांची फरशी किंवा कोबा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. न्हाणीचं पाणी पाइपने लांब नेऊन शोषखड्ड्यात सोड. पायालगत कडुलिंब, पिंपळ काही लावायचं नाही, झाड हवं असेल तर लांब लाव, सावली तिथूनही येते.

आता भिंती. 30 सप्टेंबर 1993 ला तू जन्मलीही नव्हतीस पण घरात ऐकलं असशीलच. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर हा सगळा पट्टा हलला. आठ हजाराच्या आसपास माणसं गेली. 6.2 चा भूकंप एवढी माणसं मारतो याचं कारण जमिनीपेक्षा घरात होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत बांधलेल्या, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारा आरपार दगड नाही, मधे नुसत्या चिपा, आणि वर माळवदाची दरवर्षी चढवत नेलेली माती. भिंती फाटल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. नंतर पुनर्वसनाच्या कामांवर मी होतो आणि तिथे जे शिकलो ते आजही प्रत्येकाला सांगत फिरतो, कारण तीस वर्षांत लोक विसरलेत आणि गवंड्यांची पुढची पिढी तर ते शिकलेलीच नाही.

ते म्हणजे पट्टी. जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या वर एक, आणि पत्रा टाकणार असशील तर छताखाली अजून एक. काँक्रीटची तीन इंची पट्टी, आत दोन गज, दर सहा इंचावर कडी, आणि ती सगळ्या भिंतींवरून सलग फिरली पाहिजे, आतल्या भिंतीवरूनसुद्धा. गवंडी फक्त दारा-खिडकीपुरतं लिंटेल टाकतो आणि म्हणतो झालं की. नाही झालं. कोपऱ्यात गज वळवून दुसऱ्या भिंतीत दीड-दोन फूट गेला पाहिजे, जोरात हलल्यावर आधी कोपराच उघडतो. तुझ्या 400 फुटांच्या घराला अशा एका पट्टीला पाच-सहा पोती सिमेंट आणि अर्धा-पाऊण क्विंटल लोखंड लागेल, बाकी काही नाही. किल्लारीच्या मुलखात राहून एवढं वाचवायचं नसतं गं. खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब घे.

कॉलमचं विचारलंयस. हल्ली सगळ्यांना आठ कॉलम पाहिजेत, नाहीतर घर कच्चं वाटतं. एकमजली छोट्या घराला नऊ इंची विटांची भिंत पुरते, पट्ट्या असतील तर. हातभर अंतरावर रिंगा टाकून केलेल्या कॉलमपेक्षा पट्टीवालं घर कधीही चांगलं. वर मजला काढायचाच आहे असं भावाचं पक्कं असेल तर गोष्ट वेगळी, मग इंजिनिअरकडून डिझाइन करून घे, गवंड्याच्या अंदाजावर नको.

छताचं मात्र त्या दोन खड्ड्यांवर ठरेल. मुरूम वर लागला तर पैसे वाचतील, मग सरळ स्लॅब टाक. चार इंची स्लॅबला 100 फुटाला सात-आठ पोती सिमेंट जातं, म्हणजे तुला तीसेक पोती आणि लोखंड तीन क्विंटलच्या आसपास, सेंट्रिंग वेगळं. पाइल घ्यावे लागले तर यंदा पत्रा, आणि त्यात काही कमीपणा मानू नको. फक्त पत्र्याखालचे पाइप वरच्या पट्टीत आधीच सोडलेल्या गजांना वेल्ड करून घे आणि पत्रा हुकबोल्टने आवळ. वैशाखातल्या वादळात पत्रे उडतात ते नुसते दगड ठेवलेले असतात म्हणून, आणि तो दगड कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात दे, खाली फरक कळतो. पुढे पैसे आले की पत्रा काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकता येईल, पाया तेवढं वजन धरून आत्ताच घेतला असेल तर. हे गवंड्याला पहिल्या दिवशीच सांग.

खरेदीत तू स्वतः उभी राहा, पुण्यावरून फोनवर होत नाही. वाळू, खडी, मुरूम ब्रासवर येतो आणि ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजायची, गुणाकार करून 100 ने भागायचं, ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी. मुलगी टेप घेऊन मोजतेय म्हटल्यावर हसतील, हसू दे. लोखंड वजनावर घेतेस तर नगही मोज, 12 मिमीचा 12 मीटरचा एक गज 10 किलो 600 ग्रॅमच्या आसपास भरतो, 10 मिमीचा 7 किलो 400, 8 मिमीचा पावणेपाच किलो. फारच हलका भरला तर परत पाठव. वाळू काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेव, तासाभराने वर गाळाचा जाड थर दिसला तर ती वाळू स्लॅबला चालत नाही. खाली शहाबादी फरशी घाल, आपल्याला जवळ पडते, स्वस्त, आणि उन्हाळ्यात पायाला गार लागते. चौकटी सिमेंटच्या घे. दारं जुन्या वाड्यांची निघालेली सागवानी मिळाली तर बघ.

काम मटेरियलसकट गुत्त्यावर देऊ नको. माल तुझा, मजुरी फुटावर. आणि मजुरीचे पैसे जोतं झाल्यावर, लिंटेल झाल्यावर, छत पडल्यावर असे टप्प्याने, शेवटचे थोडे सेंट्रिंग खोलल्यावर. वहीत लिहून दोघांच्या सह्या घे, ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जास्तच घे, म्हणजे नंतर संबंध बिघडत नाहीत.

घरकुलाचे 1 लाख 20 हजार एकदम येत नाहीत, टप्प्याचा फोटो काढून अपलोड झाला की हप्ता थेट आईच्या खात्यात पडतो, आणि मधे वेळ जातो. म्हणून जोत्यापर्यंतचं काम आपल्या पैशाने होईल एवढी रक्कम बाजूला ठेव. त्याशिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आहे, संडासाचे 12 हजार वेगळे आहेत, आणि घरकुलवाल्यांना 5 ब्रास वाळू मोफत द्यायचा शासनाचा निर्णय आहे. राज्याने 2025 मध्ये वरचे 50 हजार जाहीर केलेत, त्यातला काही भाग सोलरला जोडलाय. हे सगळं ग्रामसेवकाकडे आणि पंचायत समितीत जाऊन स्वतः विचार, लेखी अर्ज दे, पोच घे. मधला कुणी "करून देतो, थोडं बघा" म्हणाला तर एक रुपया देऊ नको, मंजूर झालेलं घर आहे ते तुमचं.

आणि जागेचं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर नाव वडिलांचं एकट्याचं आहे की तिन्ही भावांचं ते आधी बघ. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढ आणि चुलत्यांना समोर बसवून हद्दीला खुणा कर, चहा पिऊन, गोडीत. जोतं निघाल्यावर भांडण झालं की काम थांबतं, सिमेंट दगड होतं, गवंडी दुसरीकडे जातो.

दिवाळीनंतर लगेच सुरू कर. बोअरला तेव्हा पाणी असतं. मार्चनंतर टँकर लावावा लागला की सगळ्यात आधी पाणी मारणंच बंद होतं, आणि पाणी न मारलेलं काँक्रीट कितीही सिमेंट घातलं तरी भुसभुशीतच. भिंतींना आठ-दहा दिवस, स्लॅबवर पाणी साठेल अशी आळी करून चौदा दिवस. पाणी कमी असेल तर ओली पोती टाकून ठेव. हे काम आईवर सोपव, ती कुणापेक्षाही मनापासून करेल.

बिनप्लास्टरचं घर बघून आत्या बोलतील म्हणून तुला काळजी वाटतेय हे मेसेजमधून कळलं मला. बोलतील. बाहेरून विटा दिसतील, मधल्या दर्जा म्हणजे सांधे सिमेंटने भरून घेतलेल्या, एक-दोन वर्षं. तुझ्या आईने आजवर गळक्या पत्र्याखाली भांडी मांडून पावसाळे काढलेत, तिला आत कोरडं आणि निर्धास्त झोपता आलं पाहिजे, आत्यांना बाहेरून काय दिसतं ते राहू दे. आतून मात्र प्लास्टर पहिल्या वर्षीच कर, स्वयंपाकघर आणि न्हाणीला तर आधी.

येत्या रविवारी गावी जाणार आहेस ना, मग ते दोन खड्डे घेऊन टाक. टेप उभी धरून फोटो काढ, तळाची माती मूठभर पिशवीत भरून ठेव, आणि गवंड्याला अजून ॲडव्हान्स देऊ नको. फोटो आले की आपण फोनवर बसून पायाचं ठरवू.

तुझा,
काका