"ट्रेनिंगमध्ये काय केलंस?" "काही नाही मॅडम"

रिझल्ट लागले की ठाण्यातल्या माझ्या करिअर मार्गदर्शन सेंटरवर एकच रड सुरू होते, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरीच नाही तर अनुभव येणार कुठून. कळव्याचा एक मुलगा, नाव बदलून साहिल म्हणूया, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, आईसोबत आला आणि बोलत होती सगळं आईच. रोज मोबाईलवरून अर्ज टाकतो हो, एक फोन येत नाही.

रेझ्युमे बघितला. हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर (हे तीन शब्द मी वाचतच नाही आता) आणि एक्सपीरियन्सपुढे 'निल'. म्हटलं अरे डिप्लोमाला इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं ना? तर म्हणे हो, महापेला केलं, पण काही शिकवलं नाही, नुसते पार्ट चेक करत बसायचो. म्हणजे काय करायचास? मग गाडी सुरू झाली. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायचं जबड्यांचं साधन) बोअर म्हणजे पार्टमधलं भोक मोजायचं, ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सच्या म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या बाहेर गेला की लाल क्रेटमध्ये टाकायचा, रजिस्टरला कारण लिहायचं. मी आर्ट्सवाली, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तर माझं पेन घेऊन जबडे कसे लावायचे, जास्त दाबलं तर माप कसं चुकतं, ०.०२ मिलिमीटरपर्यंत कसं वाचायचं हे त्याने मला समजावलं, आईकडे एकदाही न बघता.

हेच लिही म्हटलं, आणि इंटरव्ह्यूत असंच बोल. 'निल' खोडून तिथे ट्रेनिंगच्या तीन ओळी टाकल्या.

दुसरं म्हणजे हा फक्त मोठमोठ्या नावांना अर्ज करत होता. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत छोटे युनिट ढिगाने आहेत, तिथे गेटवर रेझ्युमे देऊन आलेली मुलं लागतात, मी बघितलीयेत. शिवाय १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली डिप्लोमावाल्यांना वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंडसकट, त्याच्या सरकारी पोर्टलवर म्हणजे 'नॅट्स'वर नाव टाकायला लावलं. आणि मध्येच कोणीतरी रजिस्ट्रेशन फी मागत होतं त्याला साफ नाही म्हणायला सांगितलं, नोकरी देणारा पैसे मागत नाही.

आता रबाळ्याला एका ठिकाणी क्वालिटी विभागात अप्रेंटिस लागलाय. आईचा परवा फोन होता, मॅडम, पर्मनंट कधी करतील?