जुना लॅपटॉप आणि एसएसडी: वाचक विचारतात

प्रश्न: सर, मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. २०१६ चा लॅपटॉप आहे, आय-थ्री सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. सकाळी चालू केला की चहा पिऊन होतो तरी टॅली (आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडत नाही, सीझनला सौदे झाले की शेतकरी हिशोबाच्या पट्टीसाठी समोर उभे आणि आमचं ते गोल नुसतं फिरतंय. दुकानदार म्हणतोय नवीनच घ्या. आतेभाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतोय हार्डडिस्कच्या जागी एनव्हीएमई एसएसडी टाक, ३५०० चा स्पीड येतो. काय करू? आणि टॅलीचा डेटा जाणार नाही ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, नवीन लॅपटॉपचं जरा थांबा. आधी हे करा, लॅपटॉप रखडलेला असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कचा कॉलम बघा. तिथं १०० टक्के आणि सीपीयू (प्रोसेसर) मात्र दहा-वीसवर निवांत, असं असेल (तुमच्या वर्णनावरून असंच असणार) तर प्रोसेसर म्हातारा झालेला नाहीये, हार्डडिस्क त्याला वाट बघायला लावतीये. आत एक तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारत असते आणि तिच्यावरून एक हेड इकडून तिकडं पळत असतो. विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली मागते, म्हणजे एकच हमाल सगळ्या यार्डात गुळाचा एकेक रवा शोधत फिरतोय असं समजा. प्रत्येक शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथं तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं, म्हणून फरक डोळ्याला दिसतो.

आता आतेभावाचं. सेकंदाला ३५०० एमबीचा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या मशीनला लागू आहे का ते बघायला पाहिजे. एनव्हीएमईला एम-डॉट-टू नावाची छोटी खाच लागते, त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपला ती नाहीच, आणि काहींना आहे पण ती फक्त साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) चालवते, तिच्यात एनव्हीएमई बसवली तर ती दिसतच नाही, मग परत करायची धावपळ. तुमची आत्ताची डिस्क अडीच इंची असणार, तिच्याच जागी ७ मिलिमीटर जाडीची अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, जुनी डिस्क शंभरच्या आसपास रांगते. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल एवढ्याला ५५० आणि ३५०० मधला फरक तुम्हाला कळणारसुद्धा नाही. ५०० जीबीची भरपूर झाली. ऑनलाईन कुठं फुकटच्या भावात २ टीबी दिसली तर हात लावू नका, लेबल एक आणि आत माल दुसराच असा प्रकार असतो. पक्कं बिल घ्या, वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते.

डेटाचं, हे नीट वाचा. पहिल्यांदा टॅलीचा बॅकअप पेनड्राईव्हवर आणि लायसन्स टॅलीतूनच सरेंडर करून (म्हणजे परत सोपवून) ठेवा, नवीन डिस्कवर परत ॲक्टिव्हेट करता येतं, हे न करता उघडाउघडी केली तर ऐन सौद्याच्या दिवशी फोनाफोनी करत बसाल. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून जुन्या डिस्कची तब्येत बघा. निळं दिसलं तर साटा-टू-यूएसबी केबलनं नवीन एसएसडी बाहेरून जोडून क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करा, बऱ्याच कंपन्या त्याचं सॉफ्टवेअर फुकट देतात. चार्जर लावलेलाच ठेवा, जुन्या बॅटरीच्या भरवशावर राहिलात आणि लॅपटॉप मध्येच बंद पडला तर सगळं पहिल्यापासून. पिवळं दिसलं तर क्लोनच्या नादी लागू नका, डिस्कच्या खराब भागावर (सेक्टरवर) ते अडकून बसतं, डेटा काढून घ्या आणि विंडोज नव्यानं टाका. विंडोज ओरिजिनल असेल तर लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

बसवणं अवघड नाही. खालचं कव्हर काढताना एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, ते राहिले आणि कव्हर ओढलं की प्लॅस्टिकचे खटके तुटलेच. आत गेल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा करा. जुन्या डिस्कला बाजूनं पत्र्याची फ्रेम असते, ती चार स्क्रू काढून नव्या एसएसडीला लावायची, नाहीतर ती आत हलत राहते. हात थरथरत असेल तर तुमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीत कुणाकडूनही करून घ्या, फक्त समोर बसून.

उघडलंच आहे तर रॅम ८ जीबी करा, पण रॅमचा प्रकार डीडीआर-थ्रीएल आहे की डीडीआर-फोर ते आधी बघून, सहाव्या जनरेशनला दोन्ही सापडतात.

एक गोष्ट मात्र एसएसडीनं सुटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत इंटेलची सहावी जनरेशन नाही. म्हणजे हा लॅपटॉप टॅली आणि पट्ट्यांना ठेवा, बँकेचं काम दुसऱ्या अपडेट मिळणाऱ्या मशीनवर करा. दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य असेल तर ते एवढंच, स्पीडचं कारण नाही.

जुनी डिस्क चांगली असेल तर फेकू नका, केसिंगमध्ये टाकून बॅकअपला वापरा, आणि ती दुकानात नको, घरी वरच्या मजल्यावर. २०१९ चा पूर आठवतोय ना.

प्रश्न: ५०० जीबीची एसएसडी घेतली, विंडोजमध्ये ४६५ च दिसतात. फसवलं का मला?
– कॉलेज विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर: नाही हो ताई. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, त्यामुळं ५०० चे ४६५ बरोबरच आहेत. ३०० दिसले असते तर भांडायला गेलो असतो.

प्रश्न: एसएसडीला दर महिन्याला डीफ्रॅग करायचं का? मित्र म्हणतो करावंच लागतं.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: मित्राला हार्डडिस्कची सवय आहे. डीफ्रॅग म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे गोळा करणं, एसएसडीत त्याचा उपयोग नाही, उगाच लिहिण्याची झीज. त्याऐवजी विंडोज ७ पासून ट्रिम आहे, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा रिकामी झाल्याचं एसएसडीला कळवणं, विंडोज १० आणि ११ ते ठराविक दिवसांनी आपोआप करतात. तुम्ही फक्त थोडी जागा रिकामी ठेवा, गच्च भरली की लिहिताना मंदावते.