बैलाच्या शिंगाचा कर्करोग कसा ओळखावा?

शिंग मुळाशी हलते आहे, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि बैल सारखे डोके झटकतो, असे आपण लिहिले आहे. या लक्षणांवरून शिंगाच्या कर्करोगाची शंका घेणे रास्त आहे. शिंगाच्या आतील पोकळीच्या अस्तरात उद्भवणारा हा रोग प्रामुख्याने 5 ते 10 वर्षे वयाच्या बैलांत, आणि बहुधा एकाच शिंगात, आढळतो. सुरुवातीला जनावर शिंग झाडाला किंवा खुंट्याला घासते, डोके एका बाजूला झुकवते. दुर्दैवाने याच टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पुढे शिंग एका बाजूला कलते, त्याचे मूळ गरम व दुखरे लागते, आणि शेवटी शिंग गळून फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी गाठ उघडी पडते. शिंगावर बोटाने ठोकून दोन्ही बाजूंचा आवाज ताडून पाहावा, कारण पोकळी गाठीने भरली असल्यास तो बद्द येतो. मात्र मार लागून शिंग मोडल्यास किंवा पोकळीत पू झाल्यासही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून पशुवैद्यकाने गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय निदान पक्के मानू नये.