दुसऱ्याच्या भांडणात आमच्या पोरीने कशाला पडायचं?

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. शाळेत मुलांचा एखादा गट केलेला असतो, कुठे त्याला मैत्री गट म्हणतात कुठे अजून काही, वर्गात कोणी कोणाला छळत असेल तर लक्ष ठेवायचं, मदत करायची असं काम, आणि आपलं पोर हौसेने नाव देऊन येतं. मग घरी धाकधूक सुरू, की उद्या ती टवाळ पोरं आपल्याच मुलाच्या मागे लागली तर?

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर दापोली-हर्णै पट्ट्यातली एक आई आली होती. तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलगी नववीत, तिला पूर्वा म्हणू. आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, हिला त्या गटातनं काढा. चार दिवस नीट जेवली नाय पोर."

झालं होतं असं. पूर्वा ज्या एसटीने शाळेत जाते त्याच गाडीला आठवीतला एक मुलगा असतो, वडील बोटीवर खलाशी, आई बंदरावर लिलावात म्हावरं घेऊन गावोगाव विकते. तो गाडीत चढला की मागच्या सीटवरची तीन-चार पोरं नाक दाबायची, "खिडकी उघड रे, बांगडा आला". पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा जरा कमी, नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की परत जोर. हात कोणी लावत नव्हतं म्हणून गाडीतली मोठी माणसं पण हसून सोडून द्यायची. (त्या पोरांच्या घरी रविवारी बांगड्याशिवाय पान हलत नसणार, पण ते असो.)

पूर्वाच्या छातीवर गटाचा बॅज. एक दिवस तिला राहवलं नाही, भरल्या गाडीत उभी राहिली आणि त्या पोरांवर ओरडली की लाज वाटत नाही का, सरांना नाव सांगते एकेकाचं. गाडी दोन मिनिटं गप्प. दुसऱ्या दिवसापासून ती "इन्स्पेक्टर मॅडम" झाली आणि त्या मुलाला नवीन चिडवणं मिळालं, पोरीने वाचवला म्हणून. तो मुलगा स्टँडवर उतरल्यावर तिला म्हणाला, "तुला मी सांगितलं होतं मधे पडायला?" पूर्वा जेवेना ती या वाक्याने. टवाळ पोरांचं तिला काही वाटलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. त्या गटाचं एक दिवसाचं ट्रेनिंग मीच घेतलं होतं. बॅजची आयडिया पण माझीच. "बघत बसू नका, आवाज उठवा" असं मी तावातावाने बोलले होते आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मला पण बरं वाटलं होतं. माझ्या डोक्यात तो कॅनडातला अभ्यास होता, टोरांटोच्या शाळांच्या मैदानावर कॅमेरे आणि माइक लावून केलेला, २००१ चा. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुलं हजर होती, मधे पडली फक्त १९ टक्क्यांत, आणि पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदात थांबला. ऐकायला भारी वाटतं. पण ती प्राथमिकची मुलं, शाळेचं मैदान, इथे नववीतली मुलगी आणि भरलेली एसटी जिथे शिक्षक नाही. आणि दहा सेकंदात थांबलं म्हणजे दुसऱ्या दिवशी थांबलं असं थोडंच असतं. केंब्रिजच्या दोघा संशोधकांनी २०११ मध्ये असे ४४ कार्यक्रम एकत्र तपासले होते, त्यात कार्यक्रमांनी एकूण छळ कमी होतो असंच निघालं, पण ज्या कार्यक्रमांत छळ थांबवायच्या कामाला मुलांनाच लावलं तिथे छळ सोसणाऱ्यांचा त्रास उलट वाढलेला दिसला. हे मला माहीत होतं, मी ते त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

म्हणून त्या आईला मी "तुमची मुलगी किती धीट आहे" वगैरे काही बोलले नाही. म्हटलं, ताई, तुमची काळजी बरोबर आहे, पण तिला लगेच काढू नका, मला शाळेत जाऊ द्या.

सरांशी बोलले. मागच्या सीटवरच्या पोरांना सरांनी एकेकट्याला बोलावलं, चारचौघांत नाही, कंडक्टरकाकांच्या कानावर पण घातलं. बॅज काढून टाकले. गटातल्या मुलांना सांगितलं, कोण छळतं त्याच्या वाटेला तुम्ही जायचं नाही, ते काम सरांचं, मारामारी असेल तर धावत मोठ्या माणसाकडे. तुमचं काम ज्याला छळतात त्याच्याजवळ बसायचं. फिनलंडमध्ये २००९ पासून शाळांमधून किवा नावाचा कार्यक्रम चालतो त्यात साधारण असंच करतात, छळणाऱ्यांशी शिक्षक बोलतात आणि वर्गातल्या दोन-चार मुलांना, ज्यांना बाकीची मुलं मानतात अशांना, त्या एकट्या पडलेल्याला सोबत करायला सांगतात. वहीच्या मागच्या पानावर १०९८ पण लिहून घेतला सगळ्यांकडून, चाइल्डलाइनचा नंबर, फुकट लागतो.

पूर्वाला मी विचारलं, गाडीत तुला काय जमेल? ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "जागा धरता येईल." ती दोन स्टॉप आधी चढते. ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या बाकावर ती आणि मैत्रीण बसायच्या, समोरच्या बाकावर खिडकीजवळ रुमाल टाकायचा. तो चढला की रुमाल उचलायचा. बोलायचं काही नाही. पहिले दोन दिवस तो उभाच राहिला, मुद्दाम. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, गाडी खचाखच, बसला. नंतर त्याच्या वर्गातला एक मुलगा आपणहून शेजारी बसायला लागला, गणिताची वही मागायला म्हणून.

मागून आवाज एकदम बंद झाले असं नाही हां. दिवाळीपर्यंत अधूनमधून चालू होतं, एक पोरगा तर अजून पण तोंड वाकडं करतो म्हणे.

तर तुमचं मूल अशा गटात असेल तर शाळेत जाऊन एवढंच विचारा की मुलाने येऊन सांगितलं तर पुढे कोण काय करणार, त्या शिक्षकाचं नाव काय. नाव चटकन सांगता आलं नाही तर ते मिळेपर्यंत मुलाला थांबवा, त्यात भित्रेपणा काही नाही. आणि घरी आल्यावर "आज कोणाला वाचवलंस" असं कौतुकाने पण विचारू नका, आज गाडीत कोणाशेजारी बसलीस हे विचारा.

ती आई मध्ये बाजारात भेटली. पोर जेवते का विचारलं तर म्हणाली, जेवते हो, पण महिन्यात तिसरा रुमाल हरवलाय, आता जुन्या साडीचे फाडून देते.