पाणी कोण भरायचं?

प्रिय ओवी,

जुलैत म्योक्कीवर, म्हणजे इथल्या फिनलंडमधल्या तळ्याकाठच्या उन्हाळी घरी, गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तू तळ्याच्या लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसली होतीस आणि मी दोन बादल्या भरून साउनाकडे, त्या वाफेच्या न्हाणीकडे, निघालो होतो. तिसरी खेप असेल. दम लागला होता, पण अंगात आल्यासारखं झालं होतं मला. मी म्हणालो, "अगदी आमच्या गावासारखं! नळ नाही, वीज नाही, आणि किती बरं वाटतंय बघ." तू मागे वळूनही न बघता विचारलंस, "बाबा, गावी पाणी तू भरायचास?"

"हो, भरायचो की कधीमधी," असं काहीतरी पुटपुटून मी आत गेलो.

ते खोटं होतं, ओवी. कधीमधी म्हणजे मोजून दोनदा.

तू खोचकपणे विचारलं नव्हतंस, हे मला ठाऊक आहे. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण तीन आठवडे झाले, बस पकडताना, भांडी मशीनमध्ये लावताना तेच आठवतंय. म्हणून लिहितोय. एका दमात वाचायचं बंधन नाही. एखादा शब्द अडला तर आईला विचार, पण तिच्या टिप्पण्यांसकट ऐकावं लागेल. ती कोथरूडची. माझं गाव मला आठवणीत जास्त आवडतं, हे तिचं जुनं मत आहे.

तुला झोपवताना मी ज्या गोष्टी सांगायचो त्या खऱ्या होत्या. उन्हाळ्यात धाब्यावर वाकळा टाकून झोपायचो, चांदण्या इतक्या की बापूकाका म्हणायचे, मोजायला घे म्हणजे झोप लागेल. चुलीपुढे बसून थोरल्या आईच्या हातची बाजरीची भाकरी, वर ठेचा. दुपारी शाळेतून आल्यावर माठात तांब्या बुडवायचा आणि उभ्यानंच प्यायचं. ते पाणी गोड होतं. अजूनही शपथेवर सांगेन. फक्त त्या सगळ्या गोष्टींत पाणी माठात आपोआप असायचं. चांदणं जसं आपोआप असतं तसं.

आता माठात ते यायचं कुठून, ते सांगतो.

आपला माण तालुका सातारा जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग तिथे रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसते बघून जातात. आम्हाला त्याचा दहावा हिस्सा मिळाला तरी साल बरं गेलं म्हणायचे. गावात आड होता, पण फेब्रुवारी संपला की पोहरा खाली आपटल्याचा आवाज यायला लागायचा. मग नदी. नदी म्हणजे माणगंगा, पण डोळ्यासमोर पाणी आणू नकोस. वाळू आण. रुंद, पांढरी, दुपारी पाय भाजणारी वाळू.

त्या वाळूत बायका झरा उकरायच्या. हातानं, गुडघाभर, कधी कंबरभर खोल. तळाशी ओल लागली की थांबायचं. मग पाणी झिरपायला लागायचं, आधी गढूळ, ते बाहेर फेकायचं, मग निवळ. ते वाटीनं भरायचं. वाटी वाळूला लागली की पाणी गढूळलं, म्हणून ती तिरकी धरून अलगद बुडवायची. हंड्यावर फडकं ताणून त्यातून ओतायचं. चार वाट्या झाल्या की थांबा, झऱ्याला दम घेऊ द्या. तेवढ्यात बांगड्या मागे सारायच्या, पदर खोचायचा, पलीकडच्या झऱ्यावरचीला काहीतरी विचारायचं. मग पुन्हा वाटी. एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास लागायचा. नंबर आधी लागावा म्हणून पहाटे चारला कंदील घेऊन निघायचं.

हे मला इतकं नेमकं कसं माहीत? कारण मी बघायला जायचो. तुझ्या सुमनआत्याच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, मागे मागे, कंदील धरायला. माझं काम तेवढंच. भरलेला हंडा, त्यावर कळशी, मिळून वीस-बावीस लिटर, पितळेचं वजन वेगळं. आपल्या घरी चार वेळा फ्लश केला की तेवढं जातं. हंड्याखाली चुंबळ, म्हणजे जुन्या लुगड्याची गोल गुंडाळी. आत्या खाली बसायची, दुसरी बाई हंडा चढवायची, आणि आत्या एका झटक्यात उठायची. मान जराही हलायची नाही. मी कंदील घेऊन पुढे. मागून तिचा आवाज, "ए, उजेड पायापाशी धर, आभाळात नको."

ती तेव्हा सातवी झाली होती आणि तिची शाळा सुटली होती. १९८४ साल. कुणी वाईट नव्हतं गं. नानांनी तिला रागावून घरी बसवलं नाही. आजीचं बाळंतपण झालं होतं, थोरल्या आईचा गुडघा गेला होता, पाणी तर लागणारच होतं. एवढा सरळ हिशेब. त्यावर घरात चर्चा झाल्याचंही मला आठवत नाही. मी पहिलीत होतो. पुढे मी दहिवडीला शिकलो, मग साताऱ्याला, मग पुण्याला, आणि कुणाचंही माझ्याबद्दल असं बोलणं झालं नाही की याला पाण्याला पाठवा.

जे दोनदा भरलं, त्यातलं एकदा आत्याला ताप होता. मी हंडा डोक्यावर घ्यायला लाजलो, म्हणून काखेत कळशी घेतली. पारावरची पोरं ओरडली, "सुनबाई आली रे!" मी नववीत होतो. दुसऱ्या दिवशी आत्या तापातच पाण्याला गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही, आता वाचेलच.

खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. मी तुला गावाचं सुख सांगत आलो ते माझं सुख होतं, आणि मी ते सगळ्यांच्या नावावर खपवत होतो.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. एस्पोतला, हेलसिंकीशेजारच्या या शहरातला, आपला नळ उघडला की येणारं पाणी पाय्यान्ने तलावातून येतं. त्यासाठी जमिनीखालून, खडक फोडून, १२० किलोमीटर लांब बोगदा काढलाय. काम सुरू झालं १९७२ मध्ये, पूर्ण झालं १९८२ मध्ये. हे मला ऑफिसात कुणीतरी सहज सांगितलं आणि मी उगाच गप्प झालो. बहात्तर साल म्हटलं की आमच्याकडे फक्त एकच आठवतं. बहात्तरचा दुष्काळ. नाना आणि आजी दोघं खडी फोडायला जायचे आणि मजुरीत सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. आजी आजही एखाद्याचं वय सांगताना म्हणते, "बहात्तरच्या आधीचा का मागचा?" इथले लोक त्याच साली डोंगराच्या पोटात शिरत होते, माझ्यासारख्या कुणासाठी तरी. यातून काय शिकायचं ते मला कळलेलं नाही, नुसतं सांगतोय.

आता तुझ्या शाळेतल्या त्या जागतिक सुखाच्या अहवालाबद्दल. फिनलंड २०१८ पासून वर्षामागून वर्ष पहिला येतो, आणि तुम्ही मुलं त्यावर हसता, कारण नोव्हेंबरात बसमध्ये कुणाचाही चेहरा बघितला तर पटत नाही. तूच मला समजावलं होतंस की ते सुख मोजत नाहीत, ते शिडी विचारतात. खाली शून्य, वर दहा, तुम्ही स्वतःला कितव्या पायरीवर बघता?

मी आजीला फोन केला आणि विचारलं. म्योक्कीचंही सांगितलं. ती आधी त्यावरच अडली.

"पैसं दिऊन पाणी वडायला गेलता व्हय?"

म्हटलं, हो.

"आणि संडास?"

म्हटलं, बाहेर, लाकडाची खोली आहे, खाली खड्डा.

ती इतकी हसली की फोन बापूकाकांकडे गेला. तिला सांगू का नको असं झालं, पण सांगितलं, की या देशात सुमारे पाच लाख उन्हाळी घरं आहेत आणि चांगली शिकलेली, पगारदार माणसं उन्हाळा आला की मुद्दाम तिथे जाऊन राहतात. "बरं असंल बाबा," ती म्हणाली. "परत जाता येतंय की घरी."

शिडीचं ऐकून म्हणाली, "मला आता दोन पायऱ्या चढवत न्हाईत. कुणी पडलं का?" मी पुन्हा नीट सांगितलं. ती म्हणाली आता बरं आहे, दारात नळ आहे, एक दिवसाआड येतो, गॅस आहे, गोळ्या आहेत. सहा म्हण. सात म्हण. आणि तेव्हा, आम्ही लहान असताना? त्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तवा कुठं येळ हुता."

मी यावर चार दिवस विचार केलाय. वेळ नव्हता म्हणजे दुःख करायला नव्हता, की सुख बघायला नव्हता? मी विचारलं नाही. तोवर तिची मालिका सुरू झाली होती.

तरी एवढं सगळं कबूल करूनही मला त्या दिवसांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती कशी घ्यावी हे जमत नाही. त्या झऱ्यावर काहीतरी होतं. नवीन सून आली की सासूच्या नजरेआड तिला रडायला तीच जागा. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिथे कळायचं आणि सकाळी दारात पीठ पोचलेलं असायचं, कुणी दिलं ते न सांगता. आपल्या जिन्यात समोरचे आजोबा मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात होते, ते आपल्याला परत आल्यावर कळलं. पण हे लिहितानाच तुझा आवाज ऐकू येतोय: मग बाबा, रडायला वाळूपर्यंत जावं लागत होतं, ते चांगलं कसं? खरंय. नाही माहीत.

तुझं नाव मी ठेवलं, माहीत आहे तुला. आईला "मीरा" हवं होतं. थोरली आई गिरणी आल्यावरही डाळ जात्यावरच भरडायची आणि गायची, त्या आवाजात मी झोपायचो. म्हणून ओवी. पुढे कधीतरी वाचलं की हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रात गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या काही इंटरनेटवर ऐकल्या. विठ्ठल आहे, सीता आहे, माहेर आहे, आणि भाऊ तर ठायी ठायी, घोड्यावरून येणारा, चोळी आणणारा. आणि मग कष्टाची, मारझोडीची, मुलगी म्हणून जन्माला येण्याची ओवी, त्याच गोड चालीत. मी झोपेत ऐकायचो ते नेमके शब्द कोणते होते, मला आठवत नाहीत. फक्त चाल आठवते. नाव ठेवताना मला तेवढंच माहीत होतं. तुला ते बदलायचं असेल मोठेपणी, तर मी रागावणार नाही. थोडा रागावेन.

काल सुमनआत्याला फोन केला. तुझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. वाटलं होतं, रडेल किंवा "जाऊ दे रे" म्हणेल. ती म्हणाली, "पोरगी कितवीला आता?"

म्हटलं, सातवी सुरू झाली या महिन्यात.

"गणित जमतंय का तिला? मला जमायचं."

मला हे ठाऊकच नव्हतं. बेचाळीस वर्षांत कधी विषय निघाला नाही.

तिला तुझ्याशी बोलायचंय. मी मधे बसून तिचं मराठी तुला आणि तुझं मराठी तिला सांगणार नाही, कारण मी सांगताना गोड करून सांगतो हे आता आपल्या दोघांनाही माहीत आहे. अडखळलात तर अडखळा. सध्या अडीच तासांचा फरक आहे. तू शाळेला निघायच्या आधी साडेसहाला केलास तर तिकडे नऊ वाजलेले असतात. नळ येऊन गेलेला असतो, ती मोकळी असते.

तुझा,
बाबा