सर्वकालीन एकदिवसीय संघ निवडताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सर्वकालीन सर्वोत्तम एकदिवसीय संघ मी सावकाश वाचला. त्यातील एकाही नावाला कोणी हरकत घेईल असे नाही. तरीही हा संघ मैदानात उतरला तर पंचेचाळिसाव्या षटकात कर्णधाराने चेंडू कोणाच्या हाती द्यावा, याचे उत्तर मला तुझ्या कागदावर सापडले नाही. पहिल्या सहा जागांवर तू सचिन तेंडुलकर, रोहित शर्मा, विराट कोहली, रिकी पाँटिंग, ब्रायन लारा आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांना बसवले आहेस. हे सगळे वरच्या फळीत खेळून मोठे झालेले फलंदाज आहेत. सातवा यष्टिरक्षक महेंद्रसिंग धोनी आणि त्याच्याखाली चार गोलंदाज. चौघांची मिळून चाळीस षटके होतात. उरलेली दहा षटके, म्हणजे साठ चेंडू, तू कोणाच्याच नावावर लिहिलेले नाहीत.

यासाठी संघाची निवड खालून सुरू करावी, असे मला वाटते. अकरा थोर खेळाडू वेचून मग त्यांना क्रमांक वाटायचे, या पद्धतीत फलंदाजांचीच गर्दी होते, कारण आपल्या आठवणीत शतके जास्त टिकतात. आधी गोलंदाजीची पन्नास षटके वाटून घे आणि मग फलंदाजीचे तीनशे चेंडू कोण खेळणार याचा विचार कर.

त्याही आधी, सामना कोणत्या काळच्या नियमांनी खेळला जाणार हे कागदाच्या माथ्यावर लिहून ठेव. १९७१ च्या जानेवारीत मेलबर्नला झालेला पहिला एकदिवसीय सामना आठ चेंडूंच्या चाळीस षटकांचा होता. पहिले तीन विश्वचषक साठ षटकांचे झाले, आणि १९८७ पासून विश्वचषक पन्नास षटकांवर आला. २०११ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही टोकांना वेगवेगळा नवा चेंडू आला. २०२५ च्या जुलैपासून ३४ षटकांनंतर त्या दोनपैकी एकच चेंडू पुढे चालू राहतो, म्हणजे अखेरच्या षटकांत जुन्या चेंडूला पुन्हा काही अर्थ आला आहे. मी हाच ताजा नियम धरून विचार करतो आणि त्यामुळे जुना चेंडूही वळवणारा पाकिस्तानचा डावखुरा वेगवान गोलंदाज वसीम अक्रम याचे नाव माझ्या कागदावर सर्वांत आधी येते.

५०२ बळी आणि षटकामागे चारपेक्षा कमी धावा हे आकडे तुला ठाऊकच असतील, पण वसीम समजून घ्यायचा असेल तर १९९२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील दोन चेंडू पुन्हा पाहा. इंग्लंडचा डाव ॲलन लॅम्ब आणि नील फेअरब्रदर यांनी सावरत आणलेला होता. वसीम राउंड द विकेट, म्हणजे यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने, गोलंदाजीला आला. पहिला चेंडू कोन घेऊन आत येता येता सरळ झाला आणि लॅम्बच्या बॅटला चकवून यष्टीवर गेला. पुढचाच चेंडू ख्रिस लुईससाठी आत वळला आणि बॅटची आतली कड घेऊन यष्ट्यांवर आदळला. त्या स्पर्धेतही दोन्ही टोकांना स्वतंत्र पांढरे चेंडू वापरले जात होते, म्हणजे त्याच्या हातातला चेंडू फार जुना झालेला नव्हता. पहिल्या स्पेलमध्ये आणि अखेरच्या षटकांत सारख्याच हुकमाने गोलंदाजी करणारा त्याच्या तोडीचा दुसरा डावखुरा मला दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला मी वेस्ट इंडीजच्या उंचपुऱ्या वेगवान जोएल गार्नरला घेतो. त्याचे नाव तुझ्या पिढीच्या यादीत क्वचितच दिसते, कारण तो फक्त ९८ सामने खेळला आणि त्याचे बळी १४६ च आहेत. परंतु ते बळी १८.८४ च्या सरासरीने आलेले आहेत आणि षटकामागे त्याने ३.०९ धावा दिल्या आहेत. १९७९ च्या अंतिम सामन्यात इंग्लंड २ बाद १८३ वरून सर्वबाद १९४ झाला, तेव्हा त्याने अकरा चेंडूंत पाच बळी घेतले. त्या उंचीवरून पायात येणारा यॉर्कर खेळायला आजची जाड बॅटही फारशी उपयोगी पडणार नाही, अशी माझी खात्री आहे. ग्लेन मॅग्रा आणि मुथय्या मुरलीधरन यांच्याविषयी वाद घालण्यात वेळ दवडू नये. मॅग्राचे विश्वचषकातील ७१ बळी आणि मुरलीधरनचे एकूण ५३४ बळी हे दोन आकडे पुरेसे आहेत.

आता पाचवा गोलंदाज. संघ निवडीचा खरा कस इथे लागतो, कारण सातव्या क्रमांकाचा निर्णय थेट सलामीच्या जोडीपर्यंत पोहोचतो. समजा सातव्या जागी तू दक्षिण आफ्रिकेचा अष्टपैलू लान्स क्लुसनर घेतलास. १९९९ च्या विश्वचषकातील त्याची तडाखेबंद फलंदाजी सर्वांना माहीत आहे आणि ४१ ची सरासरी त्या जागेवर दुर्मीळच आहे. पण त्याची दहा षटके महाग पडण्याची भीती राहते. मग आधाराला आणखी एक गोलंदाज हवा, म्हणून सलामीला सनथ जयसूर्या आणावा लागतो, ज्याच्या नावावर १३,४३० धावांबरोबर ३२३ बळीही आहेत. याउलट सातव्या जागी कपिल देव घेतला, तर षटकामागे ३.७१ धावा देणारा पूर्ण गोलंदाज मिळतो आणि सलामीची जागा निव्वळ फलंदाजीच्या बळावर भरता येते. कपिलचा स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागच्या धावा, ९५ च्या आसपास होता, तोही अशा काळात की बहुतेक फलंदाज सत्तरच्या खालीच घुटमळत. १९८३ मध्ये टनब्रिज वेल्सला ५ बाद १७ अशा अवस्थेतून काढलेल्या नाबाद १७५ धावा मी इथे पुरावा म्हणून मांडत नाही, कारण एका डावावर जागा देऊ नये. पण संकटात तो काय करू शकतो हे त्या डावाने दाखवले, एवढे नक्की. कर्णधारपदही मी त्यालाच देतो.

कपिल आला की सलामीला ॲडम गिलख्रिस्ट येतो आणि यष्टिरक्षणही त्याच्याकडे जाते. १९९९, २००३ आणि २००७ या तिन्ही अंतिम सामन्यांत त्याने ५४, ५७ आणि १४९ धावा केल्या. सलामीचा फलंदाजच यष्टिरक्षक असल्यामुळे सहावी जागा मोकळी होते. तुला सर्वाधिक खटकेल असा माझा निर्णय तिथेच आहे: त्या जागी मी ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हन घेतो. धोनी बाहेर राहतो याचे मला मनापासून वाईट वाटते. यष्टिरक्षक आणि कर्णधार म्हणून त्याची उणीव भासेल. परंतु केवळ फलंदाज म्हणून तोलताना बेव्हनची ५३.५८ ही सरासरी त्याच्या काळाशी ताडून पाहावी लागते. तो ६७ वेळा नाबाद राहिल्याने सरासरी फुगली, असा आक्षेप घेतात. मला तो पटत नाही, कारण सहाव्या क्रमांकावरच्या माणसाचे कामच अखेरपर्यंत उभे राहण्याचे असते. १९९६ च्या पहिल्या दिवशी सिडनीत वेस्ट इंडीजविरुद्ध ऑस्ट्रेलियाचे ३८ धावांत सहा गडी बाद झाले होते, आणि त्याने शेवटच्या चेंडूवर सरळ चौकार मारून तो सामना जिंकून दिला.

काळाशी ताडून पाहणे म्हणजे काय, हे रिचर्ड्सच्या उदाहरणावरून नीट कळते. त्याचा स्ट्राइक रेट ९० आहे आणि आजच्या तक्त्यात तो आकडा कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण त्याच संघात, त्याच खेळपट्ट्यांवर आणि त्याच गोलंदाजांसमोर खेळणाऱ्या डेस्मंड हेन्सचा ६३ आणि गॉर्डन ग्रीनिजचा ६५ होता. हे दोघेही आपल्या काळातील अव्वल सलामीवीर होते, हे लक्षात घे. तुलना नेहमी अशी शेजारच्याशी करावी. १९८४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला वेस्ट इंडीज ९ बाद १६६ असताना मायकेल होल्डिंग खेळायला आला. पुढे रिचर्ड्स आणि त्याने मिळून अभेद्य १०६ धावा जोडल्या. त्यांत होल्डिंगच्या धावा १२ होत्या, आणि रिचर्ड्स १८९ वर नाबाद राहिला. याखेरीज त्याचे ११८ बळी आहेत, आणि १९७५ च्या अंतिम सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाचे तीन फलंदाज धावबाद केले होते. तुझ्या यादीत क्षेत्ररक्षणाचा रकाना नव्हता. तो अवश्य घाल.

सचिनबद्दल काही लिहावे लागू नये, पण त्याच्या कारकिर्दीत तुझ्या कामाची एक गोष्ट आहे. १९९४ च्या मार्चमध्ये ऑकलंडला नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली, म्हणून सचिन सलामीला गेला आणि त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. तोवर मधल्या फळीत खेळताना त्याच्या नावावर एकही शतक नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ७९ व्या सामन्यात, ते आले आणि पुढे त्यांची संख्या ४९ झाली. खेळाडू तोच, फक्त त्याची जागा बदलली. तू लाराला पाचव्या आणि रिचर्ड्सला सहाव्या क्रमांकावर पाठवतोस, तेव्हा नेमकी उलटी चाल खेळतोस. तिसऱ्या जागी पाँटिंग की कोहली या प्रश्नात मी कोहलीच्या बाजूने आहे, कारण पाठलाग करताना त्याच्याइतका भरवशाचा फलंदाज झालेला नाही. पाचव्या जागी एबी डिव्हिलियर्स घ्यावा. ५३ ची सरासरी आणि शंभरावर स्ट्राइक रेट हे दोन्ही एकत्र टिकवून धरणे फार थोड्यांना जमले आहे.

राहता राहिला जसप्रीत बुमराह, ज्याच्यासाठी तू पत्राच्या शेवटी आग्रह धरला आहेस. त्याला घ्यायचे असेल तर गार्नर किंवा मॅग्रा यांपैकी एकाला वगळावे लागेल. तसे करण्यास माझी ना नाही, मात्र नवा चेंडू कोण घेणार, पस्तिसाव्या षटकानंतर कोणत्या टोकाने कोण टाकणार आणि मुरलीधरनची दहा षटके कुठे बसणार, हे सगळे ठरवून पन्नास षटकांचा पूर्ण तक्ता मला पाठव. तो आला की आपण पुढे बोलू.

तुझा शुभचिंतक