पोरगा म्हणतो इंजिनिअरिंग सोडून कादंबरी लिहिणार

नमस्कार ताई, पत्र वाचलं तुमचं. मुलगा मेकॅनिकलच्या थर्ड इयरला, दोन केटी लागल्यात आणि आता म्हणतोय कॉलेज सोडून फुलटाइम कादंबरी लिहिणार, वर पर्सिव्हल एव्हरेट ह्या अमेरिकन लेखकाचं उदाहरण देतोय, त्याच्या 'जेम्स' कादंबरीला पुलित्झर हे तिथलं मोठं बक्षीस मिळालं म्हणून. बाबा चिडलेत, दोघांचं बोलणं बंद आहे.

उदाहरण झकास निवडलंय पोराने, फक्त अर्धंच सांगितलंय. एव्हरेटची पहिली कादंबरी आली १९८३ ला आणि पुलित्झर मिळालं २०२५ ला, मधली ४२ वर्षं कुठे गेली ते विचारा त्याला. वीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्यात ह्या माणसाने, त्यातल्या बऱ्याच ग्रेवुल्फ नावाच्या छोट्या ना-नफा प्रकाशनाने काढल्या. 'इरेजर' २००१ ची, तिच्यावर 'अमेरिकन फिक्शन' सिनेमा आला थेट २०२३ ला, आणि मग बाहेरचे लोक विचारायला लागले की हा कोण बुवा. 'जेम्स'ला नॅशनल बुक अवॉर्ड त्यानंतर, २०२४ चं.

आणि घर कशावर चाललं? प्रोफेसरकीवर. लॉस एंजेलिसच्या यूएससी युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवतो तो, कित्येक वर्षं. फिलॉसॉफीचं पुढचं शिक्षण त्याने मधेच सोडलं होतं हे खरंय (हे पोराला माहीत असेल तर तो सांगेलच!), पण बीए हातात होतं आणि सोडल्यावर ब्राउन युनिव्हर्सिटीत लेखन शिकून एमए केलं.

'जेम्स' म्हणजे मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मधल्या गुलाम जिमने स्वतः सांगितलेली गोष्ट. त्यात एक प्रसंग आहे, जिम घरात मुलांची शिकवणी घेतो, गोऱ्यांसमोर मुद्दाम मोडकंतोडकं कसं बोलायचं त्याची, आणि एखादं वाक्य फार शुद्ध आलं की दुरुस्त करतो. मी तिथे पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसले होते. लोकांचं बोलणं आयुष्यभर कान देऊन ऐकल्याशिवाय असलं काही सुचत नाही, आणि त्यासाठी कॉलेज सोडावं लागत नाही, उलट हॉस्टेल, कँटीन, वर्कशॉप हे सगळं फुकटचं ऐकायला मिळतंय त्याला आत्ता.

म्हणून सांगते, "लिहू नको" असं अजिबात म्हणू नका. केट्या काढ, डिग्री घे, रोज सकाळचे दोन तास तुझे, त्या वेळात घरातलं कुणी हाक मारणार नाही, असं ठरवा. डिग्री झाली की एमएचा रस्ता उघडतो, पुढे नेट-सेट देऊन शिकवताही येईल. आणि दिवाळीपर्यंत पन्नास पानं मागा त्याच्याकडे, पण वाचायला पहिल्यांदा बाबांना द्या.